रॉडचा हीटर कसा चालतो, किती वीज खातो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निफाडचा पारा बातम्यांत यायला लागला की माळ्यावरचा हीटर खाली येतो आणि त्याच्याबरोबर तेच ते प्रश्नही. आपल्याकडे 'हीटर' किंवा 'रॉड' म्हटलं की निम्म्या लोकांना बादलीत सोडायचा पाण्याचा रॉड आठवतो. इथे बोलतोय ते खोलीत ठेवायच्या, लालभडक होणाऱ्या रॉडच्या हीटरबद्दल.

हा हीटर हवा तापवतो की माणसाला?

मुख्यतः माणसाला, आणि समोर जे काही असेल त्याला. शाळेत उष्णतेचे तीन मार्ग शिकलो होतो: वहन, अभिसरण आणि प्रारण. रॉडचा हीटर तिसऱ्या मार्गावर भिस्त ठेवतो. तापलेल्या रॉडमधून अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण निघतात, मधल्या हवेला जवळजवळ न तापवता सरळ येतात आणि अंगावर पडून तिथे उष्णता होतात. शेकोटीपुढे बसल्यावर छाती भाजते आणि पाठ गारठते, ते याचमुळे. हवा तापली असती तर पाठीलाही ऊब मिळाली असती.

प्रसूतिगृहात नवजात बाळाला ठेवतात तो 'वॉर्मर' आठवा. वरून तापलेला रॉड, खाली उघडं बाळ, चारी बाजू मोकळ्या. डॉक्टर-नर्सना बाळाला हात लावता यावा म्हणून पेटी बंद करत नाहीत, आणि हवा तापवत न बसता थेट बाळाच्या कातडीला ऊब देतात. बाळाच्या पोटावर चिकटवलेला सेन्सर त्वचेचं तापमान ३६.५ अंशांच्या आसपास राखतो. तुमच्या खोलीतला हीटर याच तत्त्वाचा, फक्त सेन्सर नसलेला. तो सेन्सर तुम्हीच: गरम वाटलं की मागे सरकायचं.

हीटर बंद केला की ऊब लगेच का जाते?

कारण खोली तापलेलीच नसते. तापलेले असता ते तुम्ही.

तार लाल होते, मग जळून का जात नाही?

आतली गुंडाळी नायक्रोमची असते, म्हणजे साधारण ८० टक्के निकेल आणि २० टक्के क्रोमियम. १९०६ मध्ये अल्बर्ट मार्श या अमेरिकी धातुतज्ज्ञाने या मिश्रधातूचं पेटंट घेतलं आणि टोस्टरपासून इस्त्रीपर्यंत सगळ्यांचा मार्ग मोकळा झाला. त्याआधी तापवायला तार पुष्कळ होती, टिकणारी नव्हती. लोखंडाची तार लाल झाली की हवेतल्या ऑक्सिजनने पापुद्रे धरून झडते. नायक्रोमवर मात्र क्रोमियम ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर बसतो आणि तोच आतल्या धातूला राखतो. शिवाय ही तार वितळायला सुमारे १४०० अंश लागतात, हीटरमध्ये ती त्याच्या बरीच खाली असते.

तीच वीज प्लगच्या वायरमधूनही जाते, पण ती वायर थंड राहते. तांब्याचा रोध अगदी कमी असतो, म्हणून तिथे फारशी उष्णता होत नाही. २३० व्होल्टवर ४०० वॅटच्या एका रॉडचा रोध मात्र १३२ ओहमच्या आसपास असतो. अडवणूक जिथे, उष्णता तिथे.

भोवती काचेची नळी कशाला?

ती साधी काच नसते, क्वार्ट्झ असतं. साधी काच तापून अचानक गार झाली की तडकते. क्वार्ट्झ तापल्यावर इतकं कमी प्रसरण पावतं की त्याला ते बाधत नाही. ते अवरक्त किरणांचा बराचसा भाग आरपार सोडतं, उरलेल्याने स्वतः तापतं आणि मग तेही किरण फेकायला लागतं. शिवाय तार उघडी राहत नाही. जुन्या पद्धतीचा, चिनीमातीच्या दांड्यावर उघडी तार आणि मागे चकचकीत वाटी असलेला हीटर ज्यांनी वापरलाय, त्यांना याचं मोल कळेल.

रंगावरून किती तापलाय ते कळतं का?

कळतं, आणि या हीटरची सगळी गंमत इथेच आहे. तापमान वाढलं की प्रारण सरळ प्रमाणात वाढत नाही, निरपेक्ष तापमानाच्या (सेल्सिअसच्या आकड्यात २७३ मिळवले की येतं ते) चौथ्या घाताने वाढतं. हा नियम योसेफ स्टेफानने १८७९ मध्ये मोजमापांवरून मांडला आणि पाच वर्षांनी बोल्ट्झमनने तो सिद्धान्तातून काढून दाखवला.

आकडे घालून पाहू. रॉड ९०० अंश सेल्सिअसला आहे, म्हणजे निरपेक्ष १,१७३. खोली १५ अंशांना, म्हणजे २८८. भागाकार चार आणि थोडं वर. त्याचा चौथा घात काढला की सुमारे २७५ येतो. म्हणजे रॉडचा एक चौरस सेंटिमीटर भिंतीच्या तेवढ्याच तुकड्याच्या पावणेतीनशे पट किरण फेकतो. आदर्श पृष्ठभाग धरला तर हे झाले १० वॅटच्या वर, एका नखाएवढ्या जागेतून! म्हणून बोटभर जाडीचा रॉड काम करतो, आणि ऐंशी अंशांचा ऑइल हीटर तेवढीच उष्णता टाकायला पंखांचा भला मोठा पसारा मांडतो. तोही निम्मं काम हवेकरवी करून घेतो.

हॅलोजन हीटरमध्ये नायक्रोम नसतं, टंगस्टन असतं. ते याहून खूपच जास्त तापतं, म्हणून लालऐवजी पिवळसर झगझगीत दिसतं.

'इन्फ्रारेड' लिहिलेला हीटर वेगळा असतो का?

इन्फ्रारेड म्हणजेच अवरक्त. तो तर प्रत्येक तापलेल्या वस्तूतून निघतो: तव्यातून, गच्चीच्या तापलेल्या स्लॅबमधून, तुमच्या-आमच्या अंगातून. विल्यम हर्षेलने १८०० मध्ये लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले आणि तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काही दिसत नव्हतं, तिथे थर्मामीटर ठेवला. पारा चढला. तेच हे किरण. खोक्यावर तो शब्द सोनेरी अक्षरांत छापल्याने किंमत वाढते, ऊब नाही.

फरक असतो तो तरंगलांबीत. ९०० अंशांच्या रॉडचा जोर अडीच मायक्रोमीटरच्या आसपास असतो, हॅलोजनचा सव्वाच्या आसपास. अंगात पाणी भरपूर आणि पाणी तीन मायक्रोमीटरच्या आसपासचे किरण चटकन शोषतं, त्यामुळे लाल रॉडची ऊब कातडीच्या वरच्या थरातच जिरते. हॅलोजनचे किरण जरा आत जातात. रोजच्या वापरात फार फरक पडत नाही. हॅलोजनचा उजेड डोळ्यांवर येतो, हाच काय तो ठळक फरक.

दुकानदार म्हणतो, हा हीटर १०० टक्के कार्यक्षम आहे. खरं का?

खरं आहे, आणि म्हणूनच त्या वाक्याला काडीची किंमत नाही. रोधावर चालणारा प्रत्येक हीटर १०० टक्के कार्यक्षम असतो. रॉडचा, ब्लोअरचा, तेलाचा, शंभर रुपयांचा, दहा हजारांचा, सगळेच. एक युनिट वीज आत गेली की ८६० किलोकॅलरी उष्णता बाहेर येणार. थोडा उजेड पडतो, तोही भिंतीवर पडून शेवटी उष्णताच होतो. ब्लोअरच्या पंख्याचा वारासुद्धा कोपऱ्यात विरून उष्णताच होतो. पळून जायला जागा नाही.

मोठी गळती तुमच्या घराबाहेर झालेली असते. कोराडी किंवा चंद्रपूरसारख्या केंद्रात कोळसा जळतो, त्यातल्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा वीज होतो, बाकीची शीतकरण मनोऱ्यांतून आणि धुराड्यातून आकाशात जाते. मग तारांमधली घट. म्हणजे उष्णतेची वीज केली, निम्म्याहून जास्त वाटेत सांडली, आणि घरी आणून तिची पुन्हा उष्णता केली. शेगडीतला कोळसा या हिशोबात वरचढ ठरेल, पण त्याच्या धुराचं खाली येतंच आहे.

मग कमी वीज खाणारा हीटर कोणता?

कमी वॅटचा. याला दुसरं उत्तर नाही. ८०० वॅटचा कुठलाही हीटर सव्वा तासात एक युनिट खातो.

विचारायला हवा तो प्रश्न वेगळा आहे: ऊब कुठे हवी? एका जागी बसून अभ्यास, शिवण, ऑफिसचं काम करणारा एकटा माणूस असेल, तर रॉडचा हीटर समोर ठेवून ८०० वॅटमध्ये, कित्येकदा एका रॉडवर ४०० वॅटमध्ये भागतं. चारजण खोलीभर वावरणार असतील, तर किरण एकाच्याच वाट्याला येतात आणि बाकीचे कुडकुडतात. तिथे हवा तापवणारा ब्लोअर किंवा ऑइल हीटर लागतो, आणि तो १,५०० ते २,००० वॅट घेतो. दार सतत उघडं, व्हरांडा, दुकानाचा गल्ला, अशा जागी हवा तापवणं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं. तिथे फक्त रॉडचाच.

१० बाय १२ च्या खोलीला किती वॅट पुरेल?

हा हिशोब एकदा हाताने केला की बरेच गैरसमज गळून पडतात. खोलीची उंची १० फूट धरली तर आतली हवा ३४ घनमीटर, वजन सुमारे ४० किलो. ती १० अंशांनी तापवायला जेमतेम ४०० किलोज्यूल लागतात, म्हणजे एक युनिटचा नववा हिस्सा. ८०० वॅटच्या हीटरला हे आठ-नऊ मिनिटांचं काम.

पण तसं घडत नाही, हे कुणीही सांगेल. कारण भिंती. नऊ इंची विटांच्या भिंतीतून, आत-बाहेर १० अंशांचा फरक असेल, तर दर चौरस मीटरला २० वॅटच्या आसपास सतत झिरपतात. दोन बाहेरच्या भिंती मिळून २० चौरस मीटर झाल्या तर ४०० वॅट तिथेच गेले. वर गच्ची असेल तर स्लॅबमधून त्याहून जास्त. अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या कधीच पुरत्या लागत नाहीत; तासाला एकदा जरी सगळी हवा बदलली तरी आणखी ११० वॅट. आणि झिरपायच्या आधी त्या टनावारी विटा स्वतः तापायला हव्यात, त्यात तासन्‌तास जातात. आपली घरं उन्हाळा डोळ्यांपुढे ठेवून बांधलेली आहेत, ऊब कोंडून ठेवायला नव्हे.

म्हणून अशी सबंध खोली तापवायची तर १,५०० वॅट धरा, वरच्या मजल्यावर २,०००. फक्त स्वतःला तापवायचं तर ४०० ते ८००.

इतक्या कमी वॅटमध्ये माणसाला बरं कसं वाटतं? हवा तर थंडच असते.

आपल्याला जाणवणारी थंडी ही हवेची आणि भोवतालच्या पृष्ठभागांची मिळून असते. गार भिंतींकडे आपलं अंग सतत किरण टाकत असतं. शांत बसलेला माणूस सुमारे १०० वॅट उष्णता तयार करतो, आणि थंड खोलीत त्यातला मोठा वाटा या वाटेने जातो.

आता हीटर एक मीटरवर ठेवा. ८०० वॅटमधले निम्मे किरण म्हणून गेले आणि परावर्तकाने, म्हणजे मागच्या चकचकीत पत्र्याने, ते तीन चौरस मीटरवर पसरवले असं धरू. मग दर चौरस मीटरला १३० वॅट झाले. अंगाची समोरची बाजू अर्धा चौरस मीटर धरली तर ६५ वॅट मिळाले. भिंतींनी नेलेलं बरंचसं परत आलं. तुलनेसाठी, दुपारचं कडक ऊन चौरस मीटरला हजार वॅटच्या आसपास असतं. म्हणजे हे उन्हाच्या सातव्या-आठव्या हिश्शाइतकं झालं. हिवाळ्यात सकाळी अंगणात कोवळ्या उन्हाला पाठ देऊन बसतो, ते हेच.

किती लांब ठेवावा?

स्वतःपासून तीन ते चार फूट. पडदे, गादी, गोधडी, कागद यांच्यापासून कमीत कमी तीन फूट. लांब जाल तशी ऊब झपाट्याने घटते, आणि ती भरून काढायला दुसरा रॉड लावण्यापेक्षा खुर्ची पुढे ओढणं स्वस्त.

महिन्याचं बिल किती वाढेल?

८०० वॅट, रोज तीन तास: दिवसाला २.४ युनिट, महिन्याला ७२. महावितरणचे घरगुती टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. तुमचं एरवीचं बिल ८०-९० युनिटांचं असेल तर ही ७२ युनिटं बहुतेक पुढच्या, महागड्या टप्प्यात पडतात. म्हणून 'हीटरने बिल दुप्पट झालं' ही तक्रार खोटी नसते. वीज जवळजवळ दुप्पट झालेली असते, शिवाय दरही बदललेला असतो.

आमच्याकडे संध्याकाळी रॉड नुसता तांबूस होतो, नीट लाल होत नाही. खराब झाला का?

बहुधा नाही. शेतीपंप चालू झाले की व्होल्टेज पडतं. आणि हीटरचे वॅट व्होल्टेजच्या वर्गाने घटतात. २३० चे १८० झाले की ८०० वॅटचा हीटर ४९० वर येतो. रॉडचं तापमानही ९०० वरून साधारण पावणेआठशेपर्यंत उतरतं, म्हणून रंग मंद. वीजही तेवढी कमीच मोजली जाते, त्यामुळे मीटरच्या बाजूने नुकसान नाही. थंडीच्या बाजूने आहे. केवळ हीटरसाठी स्टॅबिलायझर घेऊ नका, त्या पैशांत चांगली रजई येते.

हीटर खोलीतला ऑक्सिजन खातो का?

नाही. खातो कोण, तर जळणारी वस्तू: कोळशाची शेगडी, लाकडं, गॅस. विजेच्या हीटरमध्ये काही जळत नाही. हंगामात पहिल्यांदा लावल्यावर वास येतो तो वर्षभर साचलेल्या धुळीचा.

हे ठासून सांगायचं कारण असं की या भीतीपोटी काहीजण हीटर बंद करून बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवतात. ते जिवावरचं आहे. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना वास ना रंग, आणि झोपलेल्या माणसाला तो उठू देत नाही. असे मृत्यू दर हिवाळ्यात होतात.

पण घसा आणि ओठ कोरडे पडतात, त्याचं काय?

ते खरं. हवेतलं बाष्प कुठे जात नाही, पण तापलेल्या हवेची ते सामावून घेण्याची ताकद वाढते. १२ अंशांची, ७० टक्के आर्द्रतेची हवा २२ अंशांवर नेली की तीच आर्द्रता ३७ टक्क्यांवर येते. हवा तापवणाऱ्या हीटरने हे जास्त होतं, रॉडच्या हीटरने कमी. त्याच्यापुढे कोरडी पडते ती थेट तापणारी कातडी. वाटीभर पाणी ठेवण्याचा उपाय लोकप्रिय आहे, पण वाटीतून वाफ कितीशी होणार? ओला टॉवेल लांब कुठे वाळत घातला तर अधिक उपयोग. हीटरवर नव्हे.

आजीच्या पोटऱ्यांवर जाळीसारखे तपकिरी डाग आलेत. हीटरमुळे?

असू शकतं. रोज एकाच जागी, भाजणार नाही इतपत शेक अनेक आठवडे घेतला की त्वचेवर लालसर-तपकिरी जाळी उमटते. शेक थांबवला की बहुतेकदा ती फिकट होत जाते. फार वर्षं चालू राहिलं तर मात्र धोका असतो. काश्मीरमध्ये फिरनच्या आत कांगडी धरून बसणाऱ्यांना पोटावर, मांड्यांवर होणारा त्वचेचा कर्करोग वैद्यकशास्त्राला शतकाहून अधिक काळ माहीत आहे. आजींची जागा बदला, हीटर लांब करा आणि त्वचेच्या डॉक्टरांना एकदा दाखवा. मधुमेहाने पायांची संवेदना कमी झाली असेल तर पायाशी हीटर ठेवूच नका. भाजलेलं त्यांना कळणार नाही.

प्लग गरम होतो. चालेल का?

कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर लगेच बंद करा. सैल सॉकेटमध्ये पिन नीट टेकली नाही आणि तिथे समजा ०.२ ओहमचा रोध तयार झाला, तर ८०० वॅटच्या हीटरला त्या ठिकाणी अडीच वॅट उष्णता होते. २,००० वॅटचा लावला की तिथेच १५ वॅट. सुपारीएवढ्या जागेत १५ वॅट म्हणजे प्लास्टिक वितळणारच. हीटरच्या आगी रॉडपेक्षा इथून जास्त लागतात, असं माझं तरी मत आहे.

लहान सॉकेट ६ अँपिअरचं असतं, म्हणजे हिशोबाने १,३८० वॅटपर्यंत. ८०० चा क्वार्ट्झ त्यावर चालतो, १,२०० चा हॅलोजन काठावर, २,००० चा ब्लोअर मुळीच नाही. त्याला १६ अँपिअरचंच हवं. मोबाइल चार्जरसाठी घेतलेल्या बारीक वायरीच्या एक्स्टेन्शन बोर्डवर कुठलाही हीटर लावू नका.

बाथरूममध्ये ठेवला तर?

जमिनीवर ठेवायचा साधा हीटर अजिबात नाही. पाणी उडालं की तापलेली नळी फुटू शकते आणि शॉक बसू शकतो तो वेगळा. भिंतीवर उंच लावायचे, पाण्याच्या तुषारांपासून संरक्षण असलेले मिळतात. तेही घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळायला लागताच पुरवठा तोडणारा स्विच) असेल तरच.

रात्रभर लावून झोपावं का?

नको. झोपण्याआधी अर्धा तास लावा, बंद करा, गोधडीत शिरा. हीटर कलंडला तर आपोआप बंद करणारी कळ तळाशी असते. विकत घेताना दुकानातच तिरका करून ती चालते का पाहा, आयएसआय चिन्हाबरोबर.

गरम हवेचा एसी स्वस्त पडतो असं ऐकलं.

बरोबर ऐकलंत. 'हॉट अँड कोल्ड' एसी वीज जाळून उष्णता करत नाही, बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून आत आणतो. एक युनिटमध्ये तीन-चार युनिटांइतकी. सबंध खोली रोज तापवायची असेल तर वीजबिलात त्याला तोड नाही. मात्र आपल्याकडचे बहुतेक एसी फक्त गार करणारे असतात, आणि वर्षातल्या चाळीस दिवसांसाठी मुद्दाम महाग एसी घ्यायचा का, हा ज्याचा त्याचा हिशोब.

कोंबडीच्या पिल्लांना हाच हीटर चालेल का?

तत्त्व तेच, पण पिल्लांसाठी वर टांगायचे अवरक्त दिवे जास्त सोयीचे; रॉडपाशी भुस्सा उडून पेट घेण्याची भीती असते. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीला ३५ अंशांच्या आसपास ऊब हवी, मग आठवड्याला तीनेक अंशांनी उतरवायची. थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघा. दिव्याखाली गठ्ठा करून बसली तर गारठलीत, कडेला पळाली तर उकडतंय, सगळीकडे पसरून दाणे टिपत असली तर बरोबर आहे.

दोन रॉडपैकी एक लागत नाही. टाकून द्यायचा का?

नाही, हे सगळ्यात स्वस्त दुरुस्तीचं यंत्र आहे. प्लग काढा, पूर्ण गार होऊ द्या, जाळी सोडवा. बहुतेकदा गुंडाळी एका जागी तुटलेली दिसते. तार ओढून पीळ मारू नका. तो सांधा तापतो आणि आठवड्यात पुन्हा तुटतो. तेवढ्याच वॅटचा आणि लांबीचा रॉड इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो, जुना बरोबर न्या. जाळी उघडलीच आहे तर मागचा पत्रा मऊ कोरड्या फडक्याने पुसून घ्या. चकचकीत अॅल्युमिनियम नव्वद टक्क्यांहून अधिक अवरक्त किरण परत फेकतं. काळवंडलेला पत्रा ते स्वतःच पितो आणि मागची भिंत तापवतो.